बाळ्याच्या हॉलमधला मधला पॉइंट

९ जानेवारी

आज बोरीला माहेरी. बाळ्याच्या नव्या घराच्या भिंती स्लॅबच्या उंचीला आल्या. मिस्त्री म्हणाला, आता सेंट्रिंगच्या प्लेटा चढवतो, त्याआधी लाइटचे पॉइंट ठरवून टाका. बरोबर आहे. पाइप आणि डब्या स्लॅबच्या पोटात आधीच जातात, एकदा काँक्रीट पडलं की ब्रह्मदेव आला तरी जागा हलत नाही.

बाळ्या वाळूच्या ढिगावर उभा राहून, "ताई, वायरिंग समदं तुझ्याकडं. घरात वायरमन असताना भायेरचा कशाला?" बरं वाटलं. लगेच पुढचं वाक्य, "बहिणीला काय मजुरी द्यायची, राव!" धाकटा भाऊ आहे, काय बोलणार.

तरी खूश आहे. पोरं मोठी झाल्यावर मंचरला आयटीआयच्या बाकावर जाऊन बसले, परवाना काढला. सासरी निरगुडसरात आता लोक 'वायरमन बाई' म्हणून फोन करतात. माहेरात मात्र अजून कुणी साधा होल्डर बदलायला दिला नव्हता. आता एकदम अख्खं घर.

मनीषाला, म्हणजे बाळ्याच्या बायकोला, पाचवा सरत आला. इतक्या वर्षांनी. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण बोरीतच करायचं ठरलंय. आमची आई आत्तापासून जुनी पातळं फाडून दुपटी शिवत बसलीय.

१३ जानेवारी

पॉइंटांची बोलणी. बाळ्याला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

तो बल्ब मोजतो, मी पॉइंट. आयटीआयच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात डोक्यात घातलं होतं: कोडाच्या, म्हणजे वायरिंगच्या नियमांच्या, पुस्तकात पॉइंट म्हणजे दिवा नव्हे. वायरिंग जिथं येऊन थांबतं आणि दिवा जोडायची सोय ठेवलेली असते, ती जागा. तिथं दिवा आज लावलाय का उद्या, एक बल्ब का पाच, ते नंतरचं. हे सांगितलं तर बाळ्या म्हणतो, "म्हंजी दिवा नसला तरी पॉइंट?" हो. "आन् डबी हाय, पन वायर न्हाई आली?" मग ते नुसतं भोक. "लई अवघड शिकलीस गं ताई," म्हणाला आणि स्वतःच हसला.

खरा वाद हॉलचा. बाळ्याला मधोमध झुंबर हवं. पुण्याला मित्राकडं पाहून आलाय. दार उघडं ठेवलं की रस्त्यावरून दिसलं पाहिजे म्हणे. मनीषा भाजी निवडत होती, वर न बघता म्हणाली, "मधी पाळन्याची कडी पायजे व्हती."

आईनं लगेच री ओढली. "पाळना मधीच पायजे. कोपऱ्यात टांगला तर बाया काय भितीत उभ्या राहतील?"

बाळ्याचा तोडगा: "एकाच ठिकाणी दोनी करू. कडी पन तितं, वायर पन तितं. आधी पाळना, मग झुंबर."

तिथं मी साफ नाही म्हणाले. ज्या कडीला साखळी हलणार, तिच्याशेजारी वायर नको. पाळणा वर्ष वर्ष हलत राहतो, लोखंड घासत राहतं. कडी मधोमध घाला, झुंबराचा पॉइंट दाराच्या अंगाला सरकवू. रस्त्यावरून उलट जास्त दिसेल. बाळ्या "बरं" म्हणाला. त्याचं हे 'बरं' लहानपणापासून ओळखते, तरी आज आनंदानं चहा प्यायले आणि घरी आले.

१९ जानेवारी

दिवसभर प्लेटांवर. खडूनं खुणा केल्या, पाइप टाकले, डब्यांत ओला कागद कोंबला म्हणजे काँक्रीट आत जात नाही. मिस्त्री आधी माझ्याकडं बघून बिडी ओढत बसला होता. दुपारनंतर स्वतःच येऊन पाइप सळयांना बांधू लागला. "ताई, पाइप वरच्या सळईखालीच ना?" विचारून करतो, माणूस चांगला आहे.

हॉलची पाळण्याची कडी त्याच्याकडून जाड सळईची वाकवून घेतली, खालच्या जाळीला दोन बाजूंनी आवळून बांधली. बरोबर मध्यावर. झुंबराची डबी दाराच्या अंगाला. स्वयंपाकघरात ओट्यावर एक, नाहीतर बाई स्वतःच्याच सावलीत भाकरी थापते. गोठ्याच्या तोंडाला एक बाहेरचा पॉइंट. त्याबद्दल कुणी वाद घातला नाही, उसात बिबट्या असताना तो पॉइंट सगळ्यांना आधी सुचतो.

संध्याकाळी वरून पाहिलं तर सगळे पाइप पांढरे पांढरे, सळयांमधून पसरलेले. मीच केलंय असं मनाशी म्हणून घेतलं. खाली आई ओरडत होती, "उतर गं, पाय घसरंल!"

स्लॅब पुढच्या आठवड्यात. मी हजर राहणार हे बाळ्याला बजावलंय.

२४ जानेवारी

आहुप्याहून आत्ता आले. अंग घाटातल्या एसटीनं खिळखिळं झालंय पण मन ताजं. एका घरातल्या दोन खोल्यांचं वायरिंग केलं. त्यांना पर्यटक ठेवायचेत. घरधन्याला दिवा खोलीच्या मध्यावर हवा होता, शहरासारखा. त्याची बायको तांदूळ निवडत म्हणाली, "मधी कोन बसतं? म्या हितं बसते." मग तिच्या डोक्यावर पॉइंट दिला. तिनं जाताना नाचणीचं पीठ आणि हिरडे बांधून दिले. देवराईच्या कडेकडेनं चालत आले, इतका गारवा की स्वेटर काढावासा वाटेना.

दोन दिवस मोबाइलला रेंज नव्हती. घोडेगावला उतरल्यावर टुणटुण टुणटुण सुरू. बाळ्याचे मिस्ड कॉल. आणि एक फोटो: ओला स्लॅब, वर पाणी मारताना आई.

म्हणजे घातला स्लॅब. फोन केला तर म्हणतो, "मिक्सरवाला कालच मोकळा व्हता, नंतर म्हयनाभर मिळत नव्हता. तुला लई फोन केलं. समदं तुज्या खुनंवरच केलंय."

ठीक आहे. मिक्सर मिळत नाही हे खरंय. खुणांवर केलंय म्हणतोय ना.

१६ फेब्रुवारी

सेंट्रिंग खोललं. खोललं ते बरंच झालं म्हणायचं का, माहीत नाही.

हॉलमध्ये उभी राहून वर पाहिलं. दाराच्या अंगाची डबी नाहीच. मधोमध डबी आहे, आणि त्या डबीच्या आतून कडी बाहेर आलीय. पाइपाचं तोंड कडीला खेटून. म्हणजे मी आहुप्याला असताना बाळ्यानं डबी उचलून मध्यावर नेली, कडीवरच बसवली, आणि मिस्त्रीकडून बांधून घेतली.

मिस्त्री माझ्याकडं बघेना. "मालक म्हनलं, तुमी सांगितलंय म्हनून."

बाळ्या आला, चेहरा साळसूद. "अगं मधी जरा बरं दिसतं. दोन्ही कामं एका जागी. तूच म्हनली व्हतीस, पॉइंट म्हंजी नुसती जागा." माझंच वाक्य माझ्याच तोंडावर.  एवढा राग मला बाळ्याचा आजपर्यंत कधी आला नव्हता, त्यानं माझी पाटी फोडली होती तेव्हासुद्धा नाही.

कडी भक्कम आहे. स्वतः लोंबकळून पाहिली, पोटरीला मिस्त्रीनं धरलं होतं. पाळणा बिनघोर टांगावा. पण मग त्या डबीत वायर येता कामा नये. साखळी हलेल, कडी हलेल, वायरचं कातडं झिजेल, आणि साखळीला टेकलेलं असेल कोण, तर...

लिहीत नाही पुढं.

१७ फेब्रुवारी

ह्यांना सगळं सांगितलं. हे पेंडीच्या दुकानाचा हिशेब करत होते. ऐकून घेतलं नीट. मग म्हणाले, "तू वायर नको ओढूस त्या पाइपात. झालं."

इतकं सोपं. रात्रभर मी स्लॅब फोडायचं डोक्यात घेऊन पडले होते. आणि खरंच, वायर आली नाही तर तो पॉइंटच नाही. कोडानं पण नाही, कशानंच नाही. नुसतं भोक आणि कडी. पाळण्याला तेवढंच लागतं.

यांना पिठलं आवडतं म्हणून केलं.

५ मार्च

प्लास्टर झालं. पाइपांसाठी भिंतीत पाडलेल्या झिऱ्या बुजल्या. बोर्डांच्या पेट्या बसवल्या. बाळ्याला अजून सांगितलं नाही. कांदा काढणी चालू आहे, त्याला बोलायला वेळ नाही आणि मला तोंड उघडायला धीर नाही. मनीषा पायांवर सूज आलीय म्हणून खाटेवर. तिच्यासाठी नाचणीची आंबील नेली. पिऊन म्हणाली, "ताई, तुमी आल्या की घरात काम चाललंय असं वाटतं. हे नुसतं फोनवर चालवतात."

लाडकी आहे माझी.

२९ मार्च

वायर ओढायला सुरुवात. खोल्या, ओटा, गोठा, पायरीवरचा दिवा. पाइपात स्प्रिंग घालायची, टोकाला वायर बांधायची, आणि दुसऱ्या टोकानं कुणीतरी हळू हळू ओढायचं. मनीषा स्टुलावर बसून वायर सोडत होती. "ओढा ताई... सोडते... ओढा." तिला ते आवडलं. तासभर आम्ही दोघी तेवढंच करत होतो, फार छान वाटलं.

हॉलच्या मधल्या पाइपाला हात लावला नाही. बाळ्याच्या लक्षात आलं. दुपारी जेवता जेवता सांगून टाकलं: मधे वायर येणार नाही. पाळणा टांग. झुंबर हवं तर दाराजवळ पट्टीतून वायर आणून देते.

"पट्टी? नव्या भितीवर पट्टी? लोकं काय म्हनतील, घर हाय का किराना दुकान?"

आई म्हणाली, "लोकांचं जाऊ दे. पोरीचं ऐक."

"ती पोरगी न्हाई, वायरमन हाय," बाळ्या म्हणाला आणि ताट सारून उठला. टोमणा होता, पण मला तो ऐकायला गोडच लागला. हे त्याला कधी सांगणार नाही.

४ एप्रिल

बाळ्यानं झुंबर आणलं. खोक्यातून काढून खाटेवर मांडलं होतं. पाच दिवे, काचेचे थेंब, पितळी रंगाची दांडी. खरंच सुंदर आहे, नजर लागावी असं. आईनं हात लावून पाहिला, "देवळातल्या हंड्यांवानी हाय गं." बाळ्या माझ्याकडं बघत होता, मी काहीतरी वाईट बोलेन म्हणून. मी म्हणाले, "झकास आहे." तो गांगरला.

मग त्यानं सांगितलं की आळेफाट्याचा एक वायरमन ओळखीचा आहे, त्याला विचारलंय. तो म्हणाला, त्यात काय, लई ठिकाणी केलंय, सिमेंट लावून वायर बाजूला दाबायची.

दाबायची आणि निघून जायचं. घर त्याचं नाही, पोर त्याचं नाही.

८ एप्रिल

आज प्रयोग केला. बाळ्याला डोळ्यांनी दाखवल्याशिवाय पटत नाही, म्हणून.

मधल्या पाइपातून वायरचा एक तुकडा खाली आणला. कशालाही न जोडलेला, मेलेली वायर. कडीला पाळण्याची साखळी, साखळीला झोळी, झोळीत बाजरीचं अर्धं पोतं. आईला म्हटलं, हालव. आई बसली हलवायला. थोड्या वेळानं बघते तर आई बाजरीला अंगाई गातेय! मनीषाच्या हसून हसून पोटात कळ आली, सगळे घाबरलो, मग तीच म्हणाली काही नाही, पोर पण हसतंय.

उन्हं उतरेपर्यंत आईनं हलवलं. मध्ये चहा झाला, शेजारच्या बाया बघून गेल्या, एकीनं विचारलं बारसं कुणाचं आहे.

मग तुकडा उतरवला. बाळ्या वाकून बघत होता, मीही. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं तांबं दिसेल. तांबं नाही दिसलं. एका जागी कातडं चकचकीत झालं होतं, थोडं दबलेलं. बस.

"बघ," बाळ्या म्हणाला. "काय झालं?"

"एक दुपार झाली," मी म्हणाले. "आणि बाजरी पाय झाडत नाही."

 तुकडा त्यानं खिशात घातला. माझा प्रयोग फसला की काय, घरी येईपर्यंत तेच डोक्यात. पण वायर मी ओढणार नाही हे पक्कं आहे.

अक्षय तृतीया

वास्तुशांत झाली. घर उजळलं. गोठ्याच्या दिव्याखाली गाय रवंथ करत बसली होती, ओट्यावर उजेड, पायरीवर उजेड. बायका पुरणपोळ्या करत होत्या आणि एक म्हणाली, "शैलाबाईनं केलंय व्हय हे समदं?" आई जिकडं तिकडं सांगत सुटली. मी मुद्दाम तिच्या मागं मागं फिरले, सगळं ऐकून घेतलं.

हॉलमध्ये भिंतीवर दोन ट्यूब. मधली कडी रिकामी. झुंबराचं खोकं माळ्यावर. बाळ्या माझ्याशी नीट बोलतोय, म्हणजे फार नीट. "ताई, घे ना अजून एक पोळी." एवढी अदब त्याला शोभत नाही.

१४ मे

मुलगी!!

पहाटे नारायणगावला दवाखान्यात. दोघी सुखरूप. मी पोचले तेव्हा बाळ्या व्हरांड्यात उभा, डोळे लाल, हातात कुणीतरी दिलेला पेढ्यांचा पुडा, उघडायचं भानच नाही. मला पाहून "ताई..." एवढंच म्हणाला. मी त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि दोघंही रडलो.

आत्या झाले. पोरीचं कपाळ माझ्यावर गेलंय, मनीषाच म्हणाली, मी नाही.

२० मे

मनीषा घरी आली. आईनं शेगडी, शेपा, ओवा, सगळं मांडलंय. फोनवर मनीषा म्हणाली, बारसं पंचवीसला, तुम्ही आदल्या दिवशीच या. मला आदल्या दिवशी जमत नाही, अवसरीला एक पोल्ट्रीचं काम अर्धं आहे, पिल्लं यायची आहेत आणि उबेचे दिवे लागलेच पाहिजेत.

नाव ठरलंय, रेवा. बाळ्यानं निवडलं, मनीषाला आवडलं. आई म्हणते, "रेवा म्हंजी काय गं?" नदी, म्हटलं. "मग कुकडीच ठेवा की, जवळची हाय."

बोलता बोलता मनीषा जरा थांबली. "ताई, ते आळेफाट्यावालं येऊन गेलं वाटतं. मी दवाखान्यात व्हते तवा. मला नक्की माहीत न्हाई." मग पोर रडलं आणि फोन ठेवला.

तेव्हापासून कामात लक्ष नाही.

२५ मे

आजचं सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

पोचले तर हॉल बायांनी भरलेला. मधोमध पाळणा, साखळीला वरपर्यंत झेंडूच्या माळा. सुंदर. इतक्या माळा मात्र बाळ्यानं स्वतःच्या हातानं बांधल्या असं आई कौतुकानं म्हणाली. बाळ्या आणि फुलं? स्टूल ओढलं, काठापदराची साडी खोचली, चढले. माळा बाजूला केल्या. कडीशेजारी दोन वायरी, टोकांना लाल टेप. खाली आले, बोर्डावर नवीन खटका होता, तो दाबला. परत वर. पर्समधून टेस्टर काढला, टेप जरा सोडवून टेकवला. पेटला.

खालून हसू. "आत्या बाई वरच चढल्या की!"

बाळ्या जवळ येऊन हळू आवाजात, "ताई, खटका बंदच ठिवनार हाय. पाळना निघाला की झुंबर. तवर कोन हात लावतंय?"

"आत्ता मी लावला ना," म्हटलं.

मग बारशाची वेळ झाली. पोरीला आईनं मांडीवर घेतलेलं, बाया गोपाळ-गोविंद म्हणायला तयार. मला पुढं बोलावलं. आता नाव सांगायचं आत्यानं, आत्याशिवाय बारसं पुढं सरकत नाही. माझं मलाच कळलं नाही कसं, पण मी म्हणाले, "आधी वायर काढ. मग नाव."

सगळ्यांना वाटलं आत्या रुसली. रुसायचा तर मानच असतो आत्याचा. एक म्हातारी म्हणाली, "पैठनी मागत असंल! दे रे बाळासाहेब, एकुलती बहीन." हशा. बाळ्या पण हसला, सुटका झाल्यासारखा. "देतो की ताई, पैठनी देतो!"

"पैठणी नको. वायर काढ."

हसू थांबलं. आई म्हणाली, "शैले, घटका चाललीय." बाळ्याचे कान लाल. चारचौघांत मी त्याला असं कधी बोलले नव्हते. मलाही रडू येत होतं. पण माघार घ्यायची कशी, तिथं लेकरू ठेवायचं होतं त्यांना. माझी भाची. मी तिला अजून नीट हातात घेतलंसुद्धा नव्हतं.

मनीषा उठली. बाळंतीण, डोक्याला फडकं बांधलेलं. आईच्या मांडीवरून पोर उचललं, छातीशी धरलं, आणि एवढंच म्हणाली, "अहो, काढा."

 बाळ्यानं नव्या शर्टाच्या बाह्या वर केल्या. मी जाऊन मेन बंद केला, पंखे थांबले, बायांनी पदरानं वारा घ्यायला सुरुवात केली. तो स्टुलावर चढला, बोर्डाकडचं टोक मी सोडवलं, आणि तो ओढायला लागला. वायर मध्येच अडकली. त्यानं दात-ओठ खाऊन हिसडा दिला, वायर सुटली, झेंडूची अर्धी माळ तुटून म्हातारीच्या डोक्यावर पडली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सगळी वायर त्याच्या खांद्यावर, गळ्यात, घामाघूम. खाली उतरून माझ्यासमोर उभा राहिला.

"झालं?"

"झालं," म्हटलं.

"पाळना निघंल त्या दिवशी परत ओढीन. सांगून ठिवतो."

"तेव्हाचं तेव्हा बघू," मी म्हणाले. खरंच, तेव्हाचं मला आत्ता काही सांगता येत नाही. पाळणा कधी निघेल, निघेल का दुसऱ्यासाठी राहील, झुंबर लागेल का, त्याच्या डोक्यात पुन्हा काय येईल. त्याच्या डोक्याचं कोड अजून कुणी छापलेलं नाही.

मेन चालू केला. पंखे फिरले. पोरीला पाळण्यात ठेवलं, बायांनी पाळणा म्हटला, आणि मी वाकून तिच्या कानात सांगितलं, रेवा. कुर्रर्र केलं. मग रीतीप्रमाणं माझ्या पाठीत धपाटे. बाया हळूच मारतात, आईनं तर नुसता हात फिरवला. शेवटचा बाळ्याचा. गळ्यात वायर तशीच. सगळ्यांत जोरात मारला, तोल जाऊन मी पाळण्याचा काठ धरला. रागानं मारला की लाडानं, वळून बघेपर्यंत तो पेढे वाटायला निघून गेला होता. पाठ अजून ठणकतेय.